एकशे चारचा ओटा

सीतारामला पंढरी तसा कितीसा ठाऊक होता? बावीस वर्षांचा शेजार होता, आधी चाळीत आणि मग त्याच जागेवर उठलेल्या इमारतीत. त्यातली शेवटची दोन वर्षं तर सीताराम रोज दुपारी पंढरीच्या वर्कशॉपात स्टुलावर जाऊन बसत असे. तरी छातीवर हात ठेवून सांग म्हटलं असतं तर त्याला एवढंच सांगता आलं असतं, की पंढरी डावखुरा होता, चहा बशीत ओतून प्यायचा आणि रंधा मारताना खालचा ओठ दातात धरायचा. बायको गेल्यावर तो कधी रडला का, मुलाविषयी त्याच्या मनात काय होतं, रात्री झोप लागायची का, यातलं काहीही सीतारामने विचारलं नाही. विचारणं त्याच्या स्वभावातच नव्हतं.

बाराव्याला पंढरीच्या मुलाने, मितेशने, त्याच्या हातात माइक दिला. म्हणाला, काका, तुम्ही पप्पांच्या सगळ्यात जवळचे, दोन शब्द बोला. सीताराम उभा राहिला, ‘माणूस चांगला होता’ असं म्हणाला आणि खाली बसला. मंडपातल्या लोकांना वाटलं, म्हातारा गहिवरला. त्याला पुढचं वाक्य सापडलं नव्हतं, इतकंच. जे एक वाक्य ठाऊक होतं ते त्या माइकवर बोलण्यासारखं नव्हतं.

ठाकुर्लीत खाडीच्या अंगाला पंढरीच्या बापाची, आबाची, थोडी जमीन होती. आबा उभा जन्म मिठागरावर राबला. जमिनीत भात यथातथाच पिकायचं. पुढे गाव शहरात गेलं, भाताच्या जागी पंढरीने चाळ बांधली आणि चाळीच्या जागी मग बिल्डरने पाच मजली इमारत उभी केली. तिला पंढरीच्या आईचं नाव दिलं, रमाबाई निवास. पंढरी स्वतः मात्र तीस वर्षं डोंबिवलीच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये होता. पंपाचं कवच, झडपा, चाकं, जे काही लोखंडात ओतायचं ते आधी लाकडात घडवायचं, हे त्याचं काम. केसभर फरक पडला तरी माल परत येतो, असं तो सांगायचा. भाऊबंद त्याची थट्टा करत, आगरी माणूस आणि रंधा मारतोय. तो हसायचा आणि मारायचा.

नोकरी संपल्यावर इमारतीच्या तळमजल्यावर पंपाच्या खोलीमागची एक जागा त्याने आपल्याकडे ठेवून घेतली. तेच त्याचं वर्कशॉप. कंपनी बंद पडली तेव्हा जुने सागवानी पॅटर्न भंगारात निघाले होते, ते टेम्पो भरून आणून त्याने तिथे रचून ठेवले होते. कुणाचं स्टूल, कुणाचा देव्हारा, कुणाच्या दाराची कडी, असं काही ना काही तिथे चाललेलं असायचं. सीताराम शाळेच्या कार्यालयात लिपिक होता, त्याने आयुष्यात एकही तास घेतला नव्हता, पण पंढरी त्याला मास्तरच म्हणे आणि अरेतुरे करी. सीताराम त्याला शेवटपर्यंत ‘तुम्ही’ म्हणत राहिला. भाडेकरूची सवय, दुसरं काय.

आता ते एक वाक्य.

इमारत व्हायच्या आधी बिल्डरला जमिनीचे कागद स्वच्छ हवे होते. जमिनीवर पंढरीचं नाव होतं तसं त्याच्या धाकट्या बहिणीचं, सगुणाचंही होतं. ती कळव्याला दिलेली. अशा वेळी बहिणी हक्कसोडपत्रावर सही करतात. भावासाठी मायेने आपला वाटा सोडला, असं त्यात लिहिलेलं असतं. बदल्यात भाऊ काय देईल ते तोंडी ठरतं. पंढरीने चुलीपुढे बसून शब्द दिला होता, की इमारत झाली की एक खोली सगुणाची. सीताराम तेव्हा चाळीत राहायचा. अक्षर चांगलं आणि माणूस निरुपद्रवी, म्हणून पंढरीने त्याला साक्षीदार म्हणून कल्याणच्या नोंदणी कार्यालयात नेलं.

तिथे बाकावर बसून सीतारामने तो कागद दोनदा वाचला. सवयच होती. खोलीचा त्यात उल्लेख नव्हता. पंढरी झेरॉक्स काढायला बाहेर गेला होता. सगुणाला वाचता येत नव्हतं. ती त्याच्याकडे वळून म्हणाली, “भाव, कागदान खोलीचं लिवलंय ना?”

आत नंबर पुकारत होते. सीतारामच्या मनात आलं, ही त्यांच्या घरची गोष्ट, आपण कोण. तो म्हणाला, “भाऊ आहे ना तुमचा. मग काळजी कसली?”

“तं खरंच,” असं म्हणून सगुणा हसली आणि तिने अंगठा लावला. त्याखाली सीतारामने आपल्या सुरेख अक्षरात सही केली.

पुढे इमारत झाली. पहिल्या मजल्यावरची एकशे चार नंबरची खोली पंढरीने रिकामी ठेवली. तेव्हा सगुणाचा नवरा होता, तो सासुरवाडीला राहायला यायला तयार नव्हता. मग तो वारला. सगुणा कळव्यातच राहिली आणि तांदळाच्या भाकऱ्या करून विकू लागली. लग्न असो, हळद असो, दोनदोनशे भाकऱ्यांच्या ऑर्डरी तिच्याकडे येत. एकशे चारची किल्ली पंढरीच्या वर्कशॉपात खिळ्याला टांगलेली असे. मधूनमधून तो वर जाऊन नळ सोडून बघायचा, खिडक्या उघडायचा, झाडून यायचा.

मागच्या भाऊबीजेला सगुणा आली ती लंगडत आली. गुडघे गेले होते. खाली बसून उकड मळायला आता जमत नव्हतं, आणि टेबलावर मळायला गेलं तर टेबल चालू लागायचं. शिवाय तिच्या चाळीला धोकादायक म्हणून पालिकेची नोटीस लागली होती, पावसाळ्याआधी खाली करायची होती. ओवाळून झाल्यावर तिने सहज बोलावं तसं सांगितलं, आता मी येतेच रे, दादूस. पंढरी म्हणाला, ये की, तुझीच आहे. मग त्याने तिला तिथेच भिंतीपाशी उभं केलं आणि म्हणाला, उकड मळतेस तसे हात कर. सगुणा लाजली. पंढरीच्या सुनेसमोर हवेत हात फिरवताना तिला हसू आवरेना. पंढरीने एक काठी तिच्या मनगटाखाली धरून खूण केली. साडेतीस इंच. बाजारातले ओटे सगळे उंच, म्हणाला, लंबूंच्या मापाचे. हिला खांद्यातून जोर लावावा लागेल आणि मग खांदेही जातील.

अशा रीतीने तो ओटा सुरू झाला.

एकशे चारच्या स्वयंपाकघरात ग्रॅनाइटचा ओटा होता, पण तो शेगडीपुरता. समोरची भिंत मोकळी होती. त्या भिंतीला धरून पंढरीला खाली कपाटं आणि वर मळायला-थापायला जाड सागवानी फळा करायचा होता. सात फूट लांब, दोन फूट रुंद. कपाटांचे तीन खोके त्याने चांगल्या प्लायचे केले. एकात पिठाचे डबे, एकात पराती आणि तवे, मधल्यात खण. खोक्यांच्या तळाशी पुढच्या बाजूने तीन इंच जागा आत घेतली. कशाला म्हणून सीतारामने विचारलं, तर म्हणाला, उभ्या माणसाची बोटं कुठे जाणार? पाय आत गेले नाहीत तर माणूस वाकून उभा राहतो आणि कंबर धरते. तू शाळेत खुर्चीवर बसून खाल्लंस, तुला काय कळणार.

फळ्यासाठी त्याने जुने पॅटर्न फोडले. पंपांची पोटं, चाकांचे आरे, सगळं कापून दोन-दोन इंचांच्या पट्ट्या काढल्या. तीस वर्षांत स्वतःच घडवलेले काही त्यात असणार. पट्टीला पट्टी चिकटवायची तर गोंद सुकायच्या आत सगळे शिकंजे आवळून व्हायला हवेत आणि त्याला दोन माणसं लागतात. दुसरा माणूस सीताराम. पहिल्या दिवशी त्याने शिकंजा इतका अलगद धरला, की तो निसटून पायाजवळ पडला.

“मास्तर, पोरांच्या हजेरीवर रेघा मारून मारून आयुष्य घालवलंस,” पंढरी म्हणाला, “लाकडाला हात लावतोस तो पन परवानगी मागून.”

सीतारामला राग आला नाही. उलट त्या दिवसांत तो सुखात होता म्हटलं तरी चालेल. दुपारी दोनला जेवून खाली यावं, पट्ट्यांमधून फुटून आलेला गोंद ओल्या फडक्याने पुसावा, पंढरी सांगेल त्या बाजूने पाणसळ धरावी. चौऱ्याहत्तराव्या वर्षी आपल्याला कुणी काही शिकवतंय याचं त्याला अप्रूप वाटे. शिकलेलं तो घरी बायकोला, नीलाला, सांगत बसे. खोके भिंतीला लावताना जमीन सरळ नसते म्हणून खाली पाचरी मारायच्या. फळा खोक्यांना घट्ट आवळायचा नाही, स्क्रूची भोकं लांबट ठेवायची, कारण पावसाळ्यात सागाचा फळासुद्धा पाव इंच फुगतो आणि त्याला सरकायला जागा मिळाली नाही तर तो फाटतो. नीला भाजी चिरता चिरता ऐकून घेई आणि म्हणे, आपल्या घरचं कपाट गेली सहा वर्षं करकरतंय, ते कधी बघताय?

जानेवारीतली एक दुपार मात्र सीतारामच्या डोक्यातून जात नाही. फळ्याचा शेवटचा भाग चिकटवत होते. शिकंजे आवळायचे बाकी होते, सीतारामने दोन्ही हातांनी पट्ट्या दाबून धरल्या होत्या. तेवढ्यात मितेश आला. त्याच्या हातात फाइल होती. तो कधी आवाज चढवून बोललेला सीतारामला आठवत नाही, तेव्हाही तो हसतच आला. म्हणाला, पप्पा, बँकेला संमतीपत्र लागतंय, दोन सह्या द्या, मी निघालोय. पंढरी म्हणाला, गोंद सुकेल, ठेव नंतर. मितेश म्हणाला, अर्ध्या मिनिटाचं काम आहे. जिथे सही करायची तिथे त्याने पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवून आणल्या होत्या. पंढरीने अंगठा पँटला पुसला, शेजारच्या खोक्यावर कागद ठेवून दोन ठिकाणी सह्या केल्या आणि वळून पुन्हा शिकंजा घेतला. व्यवहार बघायचा अधिकार त्याने मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या वेळीच मितेशला लिहून दिला होता. मुलाचे कागद तो वाचत नसे. वाचणं म्हणजे अविश्वास दाखवणं, असं त्याचं मत. सीतारामला त्या कागदाचा वरचा भाग दिसत होता. मान थोडी वळवली असती तर वाचताही आला असता. हात गुंतलेले होते हे खरं, पण मान काही गुंतलेली नव्हती.

मार्चच्या सुरुवातीला फळा तयार झाला. वर्कशॉपातच तिन्ही खोके ओळीने मांडून पंढरीने तो वर बसवला आणि सीतारामला म्हणाला, चढ. सीताराम नको नको म्हणत स्टुलावर पाय देऊन वर चढला. पंढरी म्हणाला, नाच. तो नाचला नाही, पण दोनदा टाचा आपटल्या. काही हललं नाही. पंढरीने कोपऱ्यावर पाण्याचा पेला ठेवला होता, त्यातल्या पाण्यावर तरंग उठला तेवढाच.

मग सगुणाला बोलावलं. ती आपली परात आणि घरून उकडून आणलेलं पीठ डब्यातून घेऊन आली. त्या फळ्यावर परात ठेवून तिने उकड मळली, दोन्ही हातांनी, सगळं अंग घालून. परातीचा आवाज नाही, कपाटांचा आवाज नाही. शेवटी म्हणाली, “दादूस, यो तं आयच्या जात्यावानी बसलाय.” पंढरीने ओठ दातात धरला होता, जणू रंधाच मारत होता. अक्षय्य तृतीयेला गृहप्रवेश करायचा ठरलं. सगुणाने कळव्याला जाऊन भांड्यांची बोचकी बांधायला घेतली.

एक काम राहिलं होतं. एकशे चारची भिंत गुण्यात नव्हती, कोपऱ्याकडे ती थोडी आत जात होती. फळ्याची मागची कड त्या मापाने तासायची होती. एका रविवारी सकाळी पंढरी टेप आणि पुठ्ठा घेऊन वर निघाला. किल्ली सीतारामने घेतली. किल्ली लागेना. सीतारामने उलटी करून बघितली, मग पंढरीने बघितली. कुलूपच नवीन होतं. आतून आवाज आला आणि दार उघडलं. तिशीतली एक मुलगी होती, मागे नवरा, आणि त्यांच्या मागे एक माणूस टेप लावून भिंत मोजत होता.

पंढरीच्या हातातला टेप बघून मुलीचा चेहरा उजळला. “काका, तुम्ही पण मॉड्युलर किचनचे ना? आम्ही दोन कोटेशन मागवलेली. या ना आत.”

पंढरी दारातून आत बघत होता, त्या मोकळ्या भिंतीकडे. तो माणूस बरोबर तीच भिंत मोजत होता. पंढरी म्हणाला, “नाय. मजला चुकला.”

तिचं नाव प्राची, नवऱ्याचं हर्षित, हे नंतर कळलं. चांगली मुलं आहेत. भेटली की वाकून बोलतात. त्यांचा यात काही दोष नाही. एकशे चार मितेशने त्यांना विकली होती; बँकेला लागणारं संमतीपत्र ते याच विक्रीचं.

त्या दिवशी बापलेकांत काय झालं ते सीतारामने वरच्या मजल्यावरून ऐकलं. खरं तर फक्त पंढरीचाच आवाज ऐकला. मितेश शांतपणे बोलत होता. त्याचं म्हणणं पुढे पंढरीनेच सांगितलं. आत्याने हक्क सोडला तेव्हा खोली मागितली असती तर कागदात आली नसती का? कागदात तर तिने मायेने सोडला असं आहे. बारा वर्षं खोली पडून राहिली, मेंटेनन्स कोणी भरला? आणि पप्पा, सही तर तुमचीच आहे.

सगुणा दोन दिवसांनी आली. तिला कोणी फोन केला सीतारामला माहीत नाही. पंढरी तिला म्हणाला, तुझ्या चाळीच्या जागी जे होईल तिथे, नाहीतर लेकीकडे शीळफाट्याला, तू जाशील तिथे ओटा मी येऊन बसवून देतो, मापात कापून देतो. सगुणा फळ्याला हातही न लावता उभी होती.

“लाकूड नको, दादूस,” ती म्हणाली. “खोली देतो म्हनलेलास.”

पंढरी फळ्याच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिला. जाताना तिने सीतारामकडे पाहिलं. ती काही विचारेल असं त्याला वाटलं आणि तो खिळ्यांचा डबा उगाच हलवत बसला. तिने काही विचारलं नाही. त्याचंच त्याला जास्त लागलं.

ती गेल्यावर पंढरीने सांगितलं ते सीतारामने आजवर नीलाशिवाय कुणाला सांगितलेलं नाही. कागद करताना वकिलाने स्वतःहून विचारलं होतं, खोलीचं कलम घालू का? पंढरीनेच नको म्हणून सांगितलं.

“घातलं असतं तं बहिनीनं जमीन इकली असा अर्थ झाला असता,” तो म्हणाला. “भावाकडून लिवून घेतलं, असं गाव बोललं असतं. मग ती माहेराला कुठच्या तोंडानं आली असती? तिची अब्रू ऱ्हावी म्हनून नाय घातलं, मास्तर.”

सीताराम म्हणाला, बरोबर आहे. दुसरं काय म्हणणार? त्याच्या मनात आलं, की आता आपणही सांगावं, तुम्ही झेरॉक्सला गेलात तेव्हा तिने मला विचारलं होतं. त्याऐवजी त्याने वाकून भुसा गोळा करायला घेतला.

एप्रिलच्या मध्याला पंढरी कल्याणच्या वकिलाकडे जाऊन आला. एकटाच गेला होता. आल्यावर फळ्याला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, वकील म्हणतो, दावा लावता येईल. तोंडी शब्द होता, बाईला वाचता येत नव्हतं, खोलीच्या आशेवर तिचा अंगठा घेतला, असं कोर्टापुढे मांडता येईल. मी बाप पोराविरुद्ध बोललो तर म्हणतील, म्हातारा भांडतोय. घरचा नसलेला माणूस पाहिजे.

“कागदावर साक्षीदार तू हाय,” पंढरी म्हणाला. “तू इतकंच सांगायचं, का त्या दिवशी तिला खोली कबूल होती. खोटं तं नाय ना सांगायचं.”

सीताराम म्हणाला, “बघतो. दोन दिवस द्या.”

घरी नीला म्हणाली, आपल्याला त्यांच्या घरच्या भानगडीत काय करायचंय? आणि नीलाचं तरी काय चुकलं? सोसायटी अजून नोंदलेली नाही. पाण्याची मोटर मितेशच्या हातात. चाळीच्या बदल्यात सीतारामला मिळालेल्या खोलीचा मूळ करार मितेशच्या कपाटात. आणि याहून अवघड गोष्ट म्हणजे मितेश वाईट वागला नव्हता. कोरोनात नीलाचा श्वास अडकला तेव्हा दोन इस्पितळांनी परत पाठवल्यावर आपल्या गाडीतून तिसऱ्याला नेऊन खाट मिळवून देणारा तोच होता. त्याच्याविरुद्ध कोर्टात उभं राहायचं? आणि उभं राहिल्यावर वकिलाने विचारलं, तुम्ही कागद वाचला होता का, तर? वाचला होता, तर बाईला का नाही सांगितलं? सीताराम बाथरूममध्ये आरशासमोर उभा राहून त्याचं उत्तर पाठ करायचा प्रयत्न करी. उत्तर पाठ होईना. सत्तर वर्षं आपण कुणाचं वाईट केलं नाही अशी त्याची समजूत होती. ती कोर्टात, चारचौघांत मोडणार होती. खरं सांगायचं तर मोटर, करार आणि खाट ही नीलाला सांगायची कारणं होती.

दोनाचे नऊ दिवस झाले. दुपारी तो खाली जाईना. जेवून आडवा व्हायचा आणि खालून रंध्याचा आवाज येतोय का ते ऐकत पडायचा. येत नव्हता. अक्षय्य तृतीया आली आणि गेली. एकशे चारमध्ये दारावर तोरण लागलं, मुलांनी सगळ्या मजल्यांवर पेढे वाटले. नीलाने घेतले. सगुणाने चाळ सोडली आणि ती शीळफाट्याला लेकीच्या, निशाच्या, एका खोलीत राहायला गेली. तिथे भाकऱ्या करायला जागा नाही, असं नंतर ऐकलं.

दहाव्या दिवशी सीताराम खाली गेला. त्या भेटीचं सांगायचंच आहे. पण त्याच रात्री झोपलेला पंढरी सकाळी उठला नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच गेला. दावा तिथेच संपला. सगुणा अंत्ययात्रेआधी आली, भावाच्या पायांना हात लावला, दहाव्यालाही आली, बाराव्याला जेवली नाही. माइकवरचं सीतारामचं ‘माणूस चांगला होता’ तिने ऐकलं. मंडपातून निघताना ती त्याच्याजवळून गेली, पण थांबली नाही.

वर्कशॉपात आता मितेशचं ऑफिस आहे. ओटा हलवायला पाच माणसं लागली असती म्हणून तो तिथेच ठेवला, मितेशने त्यामागे खुर्ची टाकली. साडेतीस इंच उंची खुर्चीला बरी पडते म्हणतात. वर काच आहे, काचेखाली इमारतींचे नकाशे. मेंटेनन्स भरायला सीतारामला महिन्यातून एकदा तिथे जावं लागतं. मितेश त्याला बसा म्हणतो, चहा मागवतो. पावती लिहिली जाईपर्यंत सीताराम हात मांडीवर ठेवतो, फळ्यावर ठेवत नाही.

तर मुदत मागितल्यापासूनच्या दहाव्या दिवसाची ती दुपार. सीताराम वाक्य ठरवून गेला होता. ‘पंढरीशेठ, माझ्याने होणार नाही, मला माफ करा.’ जिन्यात त्याने ते तीनदा म्हटलं. पंढरी स्टुलावर बसला होता, हातात काही काम नव्हतं. रंधे पुसून ओळीने लावलेले होते. फळ्याची मागची कड अजून तासायची राहिलेलीच होती, मापासाठी नेलेला पुठ्ठा कोराच तिला टेकून उभा होता. सीताराम दारात उभा राहिला आणि त्याचं तोंड उघडेना. पंढरीने वर बघितलं. बराच वेळ बघितलं. लाकडातली गाठ ओळखावी तसं त्याने ओळखलं असणार, कारण त्याने काही विचारलं नाही. त्याने फक्त दुसरं स्टूल पायाने पुढे सरकवलं. सीताराम बसला नाही. रिकाम्या हातांनी तिथे बसायचं कसं, हेच त्याला कळेना.

“जेवलास?” पंढरीने विचारलं.

“जेवलो.”

“काय व्हतं?”

“मुगाची खिचडी.”

“बरं,” पंढरी म्हणाला. “उन्हाचं तेच बरं.”